जागा शिल्लक नाही

दाराबाहेर आठ जोड सेफ्टी बूट,
आत एक लॅपटॉप, तो काही बूट होत नाही.
म्हणजे होतो. पंखा घरघरतो, कंपनीचं नाव उजळतं,
मग काळं.
डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ
उघडमीट करत बसलेली.

शुक्रवार, सित्रा, खोली नंबर चौदा.
इथला एसी मी दुरुस्त केला होता एकदा,
तेव्हापासून सगळ्यांची समजूत
की जे जे विजेवर चालतं ते ते पाष्टेकडे द्यावं.

लॅपटॉप वसईच्या रुमावचा.
व्हिसा संपला तेव्हा इथेच सोडून गेला.
म्हणाला, विंडोज याला पेलत नाही, लिनक्स घातलंय,
पेंग्विनवर भरवसा ठेवा.
बाहेर त्रेचाळीस अंश.
ठेवला.

टेकबहादूर काही विचारत नाही.
खाटेवर टॉवेल अंथरून शर्टाला इस्त्री करतो.
वर शर्ट, खाली लुंगी,
सहा वाजता पोखऱ्याच्या पलीकडे कुठेतरी
त्याची पोरगी स्क्रीनसमोर येऊन बसते.
सहा वाजून गेलेत.

रुमावची वही, शेवटचं पान, निळं बॉलपेन:
पडदा आला नाही तर घाबरू नये.
कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन, एकदम.
पान्याची सवय झालेली माझी बोटं,
तिसऱ्या खेपेला जमलं.
पांढऱ्या अक्षरांत नाव विचारलं, मग पासवर्ड.
टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही,
देवळात मनातल्या मनात बोलावं तसं.
आणि ऐकलं गेलं.

आत पडदा उघडायला जो कोणी नोकरीला आहे,
वहीत रुमावने त्याला दरवान म्हटलंय,
तो पाच वेळा उठला, पाच वेळा पडला,
मग यंत्रानेच लिहून ठेवलं:
फार घाईघाईने उठवताय. आता पुरे.
कारण शोधायला लॉग उघडला.
खालपर्यंत एकच ओळ, इंग्रजीत,
शाजी माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचतो, अर्थ सांगतो:
जागा शिल्लक नाही.
जागा शिल्लक नाही.
वरच्या खाटेवरून कोणीतरी म्हणतं,
अरे, ये तो कॅम्पबॉस का बोर्ड है.

मग शोधलं, जागा खाल्ली कोणी.
टेकबहादूर नावाचा फोल्डर.
दोनशे चार व्हिडिओ, नावाच्या जागी नुसत्या तारखा,
प्रत्येक शुक्रवारची.
मी एकही उघडला नाही.
विचारलं, यातलं काही काढू का?
इस्त्री उभी करून तो यादी बघत राहिला,
गावच्या एसटीचं वेळापत्रक बघावं तसा.
पहिला काढ, म्हणाला.
त्यात ती बोलत नाही, नुसती झोपलेली आहे.
मी बोट कळेवर नेलं.
नको, म्हणाला. तो राहू दे.

मग दुसरीकडे हात घातला.
जुने कर्नल निघाले तीन,
निवृत्त होऊनही क्वार्टर न सोडलेले.
त्यांना काढलं.
अपडेटची रिकामी खोकी काढली.
चार वर्षांच्या तक्रारी, यंत्राने स्वतःशीच केलेल्या,
शेवटच्या आठवड्याच्या ठेवून बाकी पुसल्या.
अडीच जीबी.
एवढ्याशा जागेसाठी घामाघूम झालो,
एसी चालू असताना.

दरवानाला पुन्हा हाक मारली.
स्क्रीन एकदा लुकलुकला, दोनदा,
आणि निळ्यावर एक चौकट, वर नाव: रुमाव.
आम्ही आठही जण त्याच नावाने आत जातो.
बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही.

सात दहा. तिकडे दहाला पाच कमी.
दोन रिंगनंतर बायकोचा चेहरा, हळू आवाज,
मग कॅमेरा खाली वळतो:
गोधडी, एक कान, उशीवर सुटलेली वेणी.
टेकबहादूर शर्टाची कॉलर सारखी करतो
आणि रेकॉर्डचा लाल ठिपका दाबतो.

मी काही बोललो नाही.
अडीच जीबी आहेत अजून.